खांदा पाहून दाबलेलं बटण

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही कारखान्यातली आहे. शिफ्टचं रजिस्टर. छापताना कुणीतरी रकान्यांची अदलाबदल केली, म्हणून शंभरएक वह्या कपाटात पडून होत्या, त्यातली एक घरी आणली. वर 'बिघाड', त्याखाली 'उत्पादन' आणि त्याखाली 'सही'. माझ्या सध्याच्या परिस्थितीला हाच क्रम बरोबर वाटतो.

परिस्थिती अशी. मी प्रेस शॉपचा फोरमन. आमच्याकडे डब्यांची झाकणं निघतात. आठ प्रेस आहेत, प्रत्येक प्रेस मिनिटाला साठ वेळा पत्र्यावर आदळतो, आणि मी त्यांच्यामध्ये एकतीस वर्षं उभा आहे. कानात घालायचे बोळे कंपनी देते. ते आम्ही सगळे नीट जपून खिशात ठेवतो. आता मला प्रेस ऐकू येतात, ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, आणि बायको ऐकू येत नाही.

बायको ग्रंथालयात काम करते. तिथे तीस वर्षं हळू बोलून तिचा आवाजच तसा झालाय. लग्न ठरवताना या मुद्द्याचा कुणीच विचार केला नव्हता.

आज सकाळी शेजारीण जिन्यात भेटली आणि माझ्या कानाशी येऊन ओरडली, "मांजरीचं फार वाईट झालं हो!" कुठली मांजर? तर ग्रंथालयातली. चौदा वर्षं ही तिला दूध घालत होती. ती जाऊन तीन आठवडे झाले. ही दोन दिवस रडत होती म्हणे. डोळे लाल झालेले मी पाहिले होते, पण मला वाटलं, सर्दी.

संध्याकाळी विचारलं, "अगं, मला का नाही सांगितलंस?"

ही माझ्याकडे वळली आणि मला ऐकू जाईल अशा बेताने मोठ्याने म्हणाली, "अहो, ओरडून सांगण्यासारखं नव्हतं ते."

विचार केला तर खरंच, ही हल्ली मला फक्त ओरडून सांगण्यासारखंच सांगते. गॅस संपला. दार लावा. तुमचा फोन वाजतोय. बाकीचं, म्हणजे दिवसभरात माणसं एकमेकांना सांगतात ते बारीकसारीक, ते सगळं ही कुणाला सांगते? मला ते परत हवं आहे. एवढंच लिहायला वही उघडली होती.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी ताटाशेजारी एक कागद. ग्रंथालयाच्या फलकावरून काढलेली सूचना: मोठ्या आवाजामुळे ऐकू कमी येणाऱ्यांसाठी नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, इच्छुकांनी संपर्क साधावा. पेन तेवढं शेजारी ठेवलं होतं, टोपण काढून.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

संशोधन केंद्र म्हणजे रुग्णालयाच्या मागची तीन खोल्यांची इमारत. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चटपटीत. त्यांनी कागदावर गोगलगाय काढली. कानाच्या आत अशी गुंडाळलेली नळी असते, तिच्यात केसाळ पेशी असतात आणि आवाज त्या पकडतात. सतत गोंगाटात राहिलं की त्या मार खातात. औषध आहे, पण गोळी घेतली तर ते अंगभर भटकतं आणि नेमकं तिथे फारसं पोचतच नाही. म्हणून बाईंनी औषध अगदी सूक्ष्म कणांत भरलंय, आणि प्रत्येक कणाला वरून असा लेप दिलाय की तो जाऊन त्या पेशींनाच चिकटावा.

"म्हणजे पत्ता लिहिलेलं पार्सल," मी म्हणालो.

"अगदी बरोबर, काका!"

"केवढा असतो कण?"

"केसाच्या जाडीचा हजारावा भाग."

आमच्याकडे झाकणाच्या जाडीत केसाच्या निम्म्याएवढी चूक झाली तर मी खातं डोक्यावर घेतो. हजाराव्या भागाला आमच्याकडे कुणी मोजमाप मानणार नाही. पण म्हटलं, असेल बाबा.

मग बाई संगणकाकडे वळल्या आणि तिकडे तोंड करून पंधरा मिनिटं बोलल्या. मी मान डोलावत राहिलो. हे मला चांगलं जमतं. समोरचा श्वास घ्यायला थांबला की डोलवायची. ही शेजारी बसून लक्षपूर्वक ऐकत होती. एकदा तिने चमकून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी तिच्याकडे बघूनही डोलावली. चौदा पानांवर सह्या केल्या.

मग काचेच्या खोलीतली तपासणी. कानांवर हेडफोन, हातात बटण, काचेपलीकडे मशीनवाली मुलगी. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. दाबत गेलो. बाहेर आलो तर डॉक्टरीणबाई आलेख हातात घेऊन उभ्या.

"काका, अभिनंदन! पंचवीस वर्षांच्या मुलासारखे कान आहेत तुमचे. तुम्हाला औषधाची गरजच नाही."

मी काय करून बसलो ते तेव्हा कुठे लक्षात आलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

इथे खरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचणार नाही.

कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी होते. नापास झालं की प्रेसवरून काढून स्टोअरमध्ये बसवतात. बावीस वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की कंपनीचे डॉक्टर आवाज सोडताना उजवा खांदा किंचित उचलतात. खांदा उचलला की बटण दाबायचं. मध्येच एखाददुसरा सोडून द्यायचा, म्हणजे संशय येत नाही. मी बावीस वर्षं उत्तम कानांचा माणूस आहे. इतकंच नाही, खात्यात नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात मी त्याला तीन गोष्टी शिकवतो: प्रेसमध्ये हात घालायचा नाही, सांडलेल्या तेलावर पाय द्यायचा नाही, आणि तपासणीत खांद्यावरची नजर हलवायची नाही. आजवर आमचा एकही माणूस नापास झालेला नाही. भिंतीवर ढाल आहे त्याची.

काल बटण हातात आलं आणि अंगठा सवयीने कामाला लागला. ती मुलगी खांदा उचलत नाही, मान तिरकी करते. मी पहिल्या मिनिटात हेरलं.

हिला हे कसं सांगायचं? पानाला दुमड घातली म्हणून एका न्यायाधीशाला सगळ्यांसमोर सुनावणारी बाई आहे ही. नाही सांगितलं. आणि त्याचा परिणाम भलताच झाला. घरी येईपर्यंत गप्प होती. दार लावलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला सगळं ऐकू येत होतं."

"अगं, तसं नाही..."

"पंचवीस वर्षांच्या मुलासारखे कान! डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय मी. हाका मारून मारून माझा घसा बसायचा आणि तुम्ही आपले पेपर वाचत!"

हे सगळं मला व्यवस्थित ऐकू आलं. शेजारणीलाही आलं असणार.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आता ही ओरडतही नाही. 'ऐकू येतंय ना' म्हणून ग्रंथालयातल्या आवाजात काय ते बोलते आणि निघून जाते. आज संध्याकाळी मी घराबाहेर दोन तास उभा होतो. किल्ली कुठे ठेवणार ते हिने सकाळी सांगितलं होतं म्हणे. दोनदा.

तपासणीपर्यंत निदान गॅस संपल्याचं तरी कळत होतं. आता तेही गेलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून एकटाच केंद्रावर गेलो आणि मशीनवाल्या मुलीला म्हणालो, "माझे कान खराब आहेत. मी फसवलं."

तिचा विश्वास बसेना. म्हणाली, "काका, लोक कान खराब असल्याचं सोंग करतात. चांगले असल्याचं कोण करतं?"

"आमचं अख्खं खातं करतं."

तिने माझी खुर्ची फिरवली. तोंड भिंतीकडे, पाठ काचेकडे. म्हणाली, आता करा. मी बसलो. बराच वेळ झाला तरी काही सुरू होईना, म्हणून वळून विचारलं, "कधी सुरू करताय?" तर तिचे अर्धे आवाज सोडून झाले होते.

आलेख पाहून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. डाव्या बाजूला रेघ जेमतेम बरी, मग उजवीकडे, बारीक आवाजांकडे जाता जाता एकदम खाली कोसळलेली. "काका, आम्हाला हवा तस्सा कान आहे हा!" बावीस वर्षांत खऱ्या कानाबद्दल कौतुक झालं ते हे पहिलंच. पण एक अडचण आहे. चाचणीत घ्यायचं तर नुकसान गोंगाटाने, हळूहळू झालेलं हवं, आणि माझी कंपनीची बावीस वर्षांची कागदपत्रं सांगतात की नुकसान झालेलंच नाही. ती खोटी आहेत असं मी लेखी द्यायचं, कंपनीच्या शिक्क्यासह.

म्हणजे स्टोअर. पाचावर धारण बसली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

हिला सगळं सांगितलं. खांदा, मान, ढाल, सगळं. माझी समजूत होती की ही खोटेपणावरून कान उपटील. तिने माझ्याकडे तोंड करून विचारलं, "आणि एवढ्या लोकांना शिकवलंत?"

"एकतीस आहेत. आधी निवृत्त झालेले वेगळे."

"मग त्यांच्या घरी त्यांच्याशी कोण बोलतं?"

मी ते त्यांच्या भल्यासाठी शिकवलं होतं. माझ्यामुळे कुणाचं प्रेसवरचं काम गेलं नाही, हे मी आजवर छाती फुगवून सांगत आलो. आज पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडेना.

बुधवार, १९ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत भोंग्याला बाजूला घेतलं. तीन नंबरच्या प्रेसवरचा हा माझा सर्वांत जुना चेला. आवाजामुळे नाव पडलंय. स्वतःला ऐकू येईपर्यंत तो आवाज चढवत जातो.

"मी कंपनीला लिहून देणार आहे," मी ओरडलो.

"काय लिहून देणार?"

"खांद्याचं!"

"खांदा दुखतोय?"

शेवटी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं. वाचून तो उडालाच. "फोरमनसाहेब, माझं नाव त्यात घालू नका हं! गुपित राहू द्या!" हे त्याने अशा आवाजात सांगितलं की चार टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. मी विचारलं, घरी बायको बोलते का? म्हणाला, नाही, ती संध्याकाळी बहिणीकडे जाते बोलायला. रोज जाते. बरं आहे तिचं, मन रमतं.

त्याला त्यात काहीच वाटलं नाही. मला मात्र डबा संपवता आला नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पत्र दिलं. पाच वेळा फाडून सहाव्यांदा लिहिलं. नाव एकाचंही घातलं नाही, फक्त 'ही पद्धत मी शिकवली' असं लिहिलं. मॅनेजरने वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग दार लावून घेतलं. पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण चेहऱ्यावरून ते कौतुकाचं नसावं.

बुधवार, ५ मार्च

सगळ्या खात्याची पुन्हा तपासणी झाली. खुर्ची भिंतीकडे. एकतीस जणांपैकी चोवीस नापास. मॅनेजरला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून त्याने खात्री करायला कंपनीच्या डॉक्टरांनाच खुर्चीवर बसवलं. तेही नापास. त्यांची खोली वीस वर्षं आमच्या शेडच्या भिंतीला लागून आहे. आमचं नाटक त्यांच्या कधी लक्षात का आलं नाही ते आता कळलं. ते स्वतःच आवाज ऐकून नव्हे, मशीनवरची सुई बघून सोडत होते.

ढाल उतरवली. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा डाग राहिलाय.

प्रेसना आवाज दाबणारी आवरणं बसवायचं ठरलंय. चोवीस माणसं एकदम स्टोअरमध्ये मावणार नाहीत, म्हणून त्यांना प्रेसवरच ठेवून बोळे सक्तीचे केलेत. स्टोअरमध्ये एकालाच हलवलं. मला.

भोंगा आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीये. सात माणसं मिळून त्याला समजावतायत, त्यामुळे तो बोलत नाही हे गावभर झालंय.

गुरुवार, २० मार्च

पहिली सुई. उजवा कान. पडदा आधी बधिर करतात, मग त्यातून बारीक सुई आत. डोळ्यांसमोर खोली जराशी फिरली, बाकी काही नाही. त्यानंतर अर्धा तास कुशीवर, कान वर करून पडून राहायचं. बोलायचं नाही, मान हलवायची नाही, आवंढासुद्धा शक्यतो गिळायचा नाही. कण आतल्या खिडकीतून झिरपून गोगलगायीत शिरतात तोवर.

हिला आत बसू दिलं. ही स्टूल घेऊन थेट माझ्या तोंडासमोर बसली आणि बोलायला लागली. मला उलट बोलता येत नाही, उठून जाता येत नाही, पेपर धरता येत नाही. अशी संधी तिला लग्न झाल्यापासून मिळाली नव्हती. माझ्या बहिणीने दिलेला टेबलक्लॉथ तिला कधीच आवडला नव्हता. एक वाचक पुस्तकात खुणेला दाढीचं रिकामं पाकीट ठेवतो. नव्या कपाटाचं दार कुणी पाहत नसताना उघडतं. मी घोरतो हे मला माहीत होतं, पण कोणत्या सुरात ते आज समजलं.

आणि हे मला कळत होतं! सगळं नाही, पण निम्म्याहून जास्त. पहिल्या अर्ध्या तासात! डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, इतक्या लवकर होत नाही, काका. संशोधक लोक सावध बोलणारच.

निघताना मशीनवाल्या मुलीने हिला एक कागद दिला. घरी आल्यावर हिने तो फ्रिजवर चिकटवला. आठ मुद्दे आहेत. कणांची काळजी कशी घ्यायची असं काहीतरी असणार. मी वाचला नाही, ते खातं हिच्याकडे.

गुरुवार, ३ एप्रिल

तिसरी सुई झाली. कण जोरात कामाला लागलेत. काल ही ग्रंथालयातल्या भांडणाची हकीकत सांगत होती, पंधरा मिनिटांची, आणि मी फक्त दोनदा 'काय?' म्हणालो.

घरातही बारीकसारीक बदल चालू आहेत. हिने माझी खुर्ची खिडकीजवळून उचलून स्वतःच्या खुर्चीसमोर आणली. जेवताना टीव्ही बंद. स्वयंपाकघरात लख्ख दिवा लावलाय. म्हणाली, तोंड दिसत नाही नीट. आणि हल्ली हिला एक विचित्र सवय लागलीय. आधी माझ्या हाताला हात लावते, मग विषय सांगते, 'कपाटाबद्दल सांगते हं,' आणि मग बोलते. वय होतंय तिचंही. मी काही म्हटलं नाही.

शनिवार, १९ एप्रिल

आज भोंगा स्टोअरमध्ये आला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "ते पत्ता लिहिलेलं औषध, आम्हाला मिळेल का?" त्याने विचारलं ते फाटकाबाहेरच्या चहावाल्यानेही ऐकलं. मी म्हणालो, आधी माझं पूर्ण होऊ दे. त्याला सांगितलं, घरी बायको काय काय बोलते ते. तो तोंड उघडं टाकून ऐकत राहिला, म्हणजे बघत राहिला.

"टेबलक्लॉथबद्दलसुद्धा?" त्याने विचारलं.

"टेबलक्लॉथबद्दल तर रोज."

गुरुवार, ८ मे

तपासणी. पाठ काचेकडे. आलेख फेब्रुवारीत होता तस्साच. मी मुलीला म्हणालो, तुमचं मशीन तेलपाणी मागतंय. तिने माझ्यासमोर स्वतःचे कान तपासून दाखवले; मशीन ठीक आहे. मी म्हणालो, मग तुमचे आवाजच चुकीचे आहेत. माणसं काय 'टूं टूं' बोलतात? मला घरी माणसासारखं ऐकू येतं. ती हिच्याकडे बघून हसली. ही छताकडे बघत होती.

गुरुवार, १० जुलै

आज कुणाला काय दिलं त्याची बंद पाकिटं उघडली.

डॉक्टरीणबाई समोर बसल्या आणि तोंड माझ्याकडे ठेवून सावकाश म्हणाल्या, "काका, तुम्हाला दिलेले कण रिकामे होते."

"रिकामे म्हणजे?"

"लेप होता, आत औषध नव्हतं. निम्म्या लोकांना तसे देतात, तुलना करायला."

मी एकतीस वर्षं माल बाहेर पाठवलाय. एकदाही रिकामं खोकं पाठवलं नाही. तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. म्हणालो, हे मला आधी का सांगितलं नाही? त्यांनी शांतपणे चौदा पानं काढली. पान नऊ. खाली माझी सही, चांगली ठसठशीत.

आता त्या म्हणतात, रिकामे मिळालेल्यांना खरं औषध घेता येईल. मी म्हणालो, विचार करतो. बसमध्ये आमच्यात कुणी बोललं नाही. या खेपेला मी गप्प होतो.

घरी येऊन हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी ऐकलं होतं मी. तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, तयारी आहे तुमची."

"मग इतके महिने मला ऐकू कसं येत होतं?"

हिने फ्रिजकडे पाहिलं फक्त.

उठलो आणि तो कागद पहिल्यांदा वाचला. समोर बसा. चेहऱ्यावर उजेड येऊ द्या. आधी हात लावून लक्ष वेधा. विषय आधी सांगा. ओरडू नका, सावकाश बोला. टीव्ही बंद ठेवा. कंटाळू नका. समजलं नाही तर वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा.

कणांचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता. मला रडू आलं. लपवलं नाही. चार महिने हिने दिवसभर लोकांशी हळू बोलायचं आणि घरी येऊन माझ्यासमोर बसून एकेक वाक्य दोनदा-तीनदा सांगायचं, आणि श्रेय मी देत होतो केसाच्या हजाराव्या भागाला.

शुक्रवार, ११ जुलै

आज भोंग्यासाठी त्या कागदाची प्रत काढली. त्याच्या हातात न देता त्याच्या बायकोला पाठवली.

ही म्हणते, खरं औषध घ्या. मला भीती वाटते, आणि ती सुईची नाही. ऐकू यायला लागलं तर ही पुन्हा आपली स्वयंपाकघरातून बोलेल. समोरची खुर्ची रिकामी होईल. हे तिला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिलं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

खऱ्या कणांची तिसरी सुई. हो म्हटलं शेवटी. ही म्हणाली, "माझ्यासाठी घ्या. कधीकधी दमायला होतं हो मला."

अर्धा तास समोर बसलीच. आजचा विषय: माझी बहीण, टेबलक्लॉथ सोडून.

गुरुवार, २५ सप्टेंबर

तपासणी. भिंतीकडे तोंड, डोळेही मिटले होते. बराच वेळ काही नाही. मग उजव्या कानात कुठेतरी लांब काहीतरी किणकिणलं. दाबू की नको असं झालं. इतकी वर्षं न ऐकता बिनधास्त दाबलं, आणि आज ऐकू आलं तर अंगठा पुढे होईना. दाबलं. पुन्हा आलं, पुन्हा दाबलं. मुलीने तेच आवाज तीनदा तपासले. उजव्या कानाची कोसळलेली रेघ थोडी वर चढलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडीच आहे, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हुरळून जाऊ नका. पण त्या स्वतःच दोनदा चष्मा शोधत होत्या, आणि तो त्यांच्या डोळ्यांवर होता.

रविवार, २८ सप्टेंबर

दुपारी बैठकीच्या खोलीत पेपर वाचत होतो. ही स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ, मध्ये दार अर्धं लोटलेलं. आणि तिथून, ग्रंथालयातल्या त्या आवाजात, ही स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "या माणसाने पुन्हा ओला टॉवेल पलंगावर टाकलाय."

पेपर हातातून खाली आला. ओठ दिसत नव्हते, हात लावलेला नव्हता, विषय आधी सांगितलेला नव्हता. तरी टॉवेल आला, पलंग आला, 'पुन्हा' तर फारच स्वच्छ आला. कण पोचले होते. यावेळी भरलेले.

'ऐकलं गं!' असं ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. केंद्राने दिलेल्या वहीत वेळ, अंतर, वाक्य, सगळं खरं खरं लिहून टाकलं. त्यांना फसवायचं नाही असं ठरवलंय. हिला उद्या सांगेन. किंवा परवा. मग पेपर पुन्हा तोंडासमोर धरला आणि गप्प बसून राहिलो.

हिने थोडी वाट पाहिली. मग हात पुसत बाहेर आली, समोरची खुर्ची ओढून बसली, माझ्या हाताला हात लावला आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "टॉवेलबद्दल सांगते हं." आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून, सावकाश.

शब्द न् शब्द ऐकू आला. मी म्हटलं, "पुन्हा एकदा सांग."